टोक वळलेलं पान

मी अजून घरात शिरलेही नव्हते, तेवढ्यात मागच्या अंगणातून कुणीतरी ओकत असल्याचा आवाज आला. बचत गटाच्या कामाला तालुक्याला, जोयड्याला गेले होते. दुपारच्या बसने परतून फाट्यापासून भरभर चालत आले होते, कारण कार्तिकात ऊन लवकर कलतं आणि आमच्या वाटेवर त्या दिवसांत गवे असतात. पिशवी उंबऱ्यावर टाकून मी मागे धावले. न्हाणीच्या दगडाशी सासूबाई बसल्या होत्या, दोन्ही हात जमिनीला टेकून. शेजारच्या वैनी त्यांची पाठ चोळत होत्या.

“कवाधरनं?” मी विचारलं.

“जेवण झाल्यावर थोड्या येळानं सुरू झालं,” वैनी म्हणाल्या. “लिंबू-साखर दिली, ती बी टिकंना. हगवण बी लागलीया. पित्त झालं असंल. सकाळधरनं उन्हात हुत्या.”

सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्यांनी मान वर केली, तेव्हा ओठ पांढरे पडलेले दिसले. आत्तींचं शरीर पित्त होणारं नव्हतं. साठी ओलांडलेली ही बाई भाताच्या कापणीत अजून माझ्या पुढे असायची.

“आत्ती, काय खाल्लं?”

“काय न्हाई. कणग्या उकडल्या हुत्या. सगळ्यांनी खाल्ल्या.” आणि मग, जरा थांबून, “जीभ भाजल्यागत झालीया गं.”

कणग्या म्हणजे रानातले कंद. वेलाच्या मुळाशी बटाट्यासारखे लागतात. भात कापून झालं की आमच्या भागात घरोघर ते खणतात, मीठ घालून उकडतात आणि चहाबरोबरही खातात. आत्ती नंदिगड्ड्याच्या. त्यांच्या माहेरी कंदांवर दोन-दोन महिने काढलेले लोक होते. कंद खाऊन त्यांना त्रास झाला हे मला पटेना. पण पित्तानं जीभ भाजत नाही.

मी स्वैपाकघरात गेले. चुलीजवळ सालींचा ढीग पडला होता. बहुतेक साली तपकिरी, केसाळ, कणगीच्या. पण त्यांच्यात काही साली गुळगुळीत होत्या, पिवळसर, पातळ. टोपलीच्या तळाशी माती होती आणि मातीत सुकलेल्या वेलांचे तुकडे. मी टोपली उजेडात नेऊन उपडी केली.

हे पानांचं शिक्षण मला आत्तींनीच दिलेलं. मी रामनगरची, बाजारपेठेतली. माझ्या वडिलांचं किराणा दुकान. लग्न होऊन दिग्गीच्या अलीकडच्या या गावात आले तेव्हा मला आंबा, फणस, नारळ आणि केळ एवढीच झाडं ओळखता येत होती. बाकी सगळं हिरवं. पहिल्याच पावसाळ्यात सरपण ओढताना मी रानबिब्ब्याच्या फांदीला मिठी मारली आणि हात कोपरापर्यंत फोडांनी भरला. आत्तींनी आधी खोबऱ्याचं तेल लावलं. मग त्याच झाडाखाली मला नेऊन लांब काठीनं एक पान खाली पाडलं. “टोकाकडं रुंद, देठाकडं बारीक. आनी देठावर हे दोन बारकं कोंब बग. हे दिसलं की लांब.” तिथून सुरुवात झाली. मत्तीचं, म्हणजे ऐनाचं, पान उलटं केलं की देठाजवळ दोन गाठी लागतात. कुंभ्याचं पान टोकाकडं फुगतं आणि कडेला करवतीसारखं असतं. नुसतं बघून त्यांचं समाधान होत नसे. पान हातात घ्यायचं, उलटं करायचं, चुरगाळायचं, वास घ्यायचा. चुकलं की त्या ओरडत नसत. नुसतं “बरं” म्हणून पुढे चालायला लागत, आणि ते मला जास्त लागत असे.

टोपलीतली बहुतेक पानं पिवळी पडून चुरली होती. त्यातली बरीच पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, लांब देठाची. देठापासून निघून टोकाला मिळणाऱ्या शिरा तळहातावरच्या रेषांसारख्या उमटलेल्या. ती कणगीची. त्यांच्यात एक पान वेगळं निघालं. लांबट, भाल्यासारखं. देठ नाहीच, थेट वेलाला चिकटलेलं. शिरा सगळ्या सरळ, एकीशेजारी एक. आणि टोक पुढे ओढल्यासारखं बारीक होत जाऊन गोल वळलेलं.

ते मी ओळखलं. भादव्यात गौर आणताना तोच वेल घरात येतो. त्याची लाल-पिवळी फुलं पेटल्यासारखी दिसतात. आमच्याकडं शेंबडं पोरही ती फुलं ओळखतं. त्याला कळलावी म्हणतात. पहिल्या वर्षी मी तो वेल तोडून आणला तेव्हा आत्तींनी मला आधी हात धुवायला लावले होते. “फूल देवीचं, पन कांदा मरणाचा,” त्या म्हणाल्या होत्या.

पण फुलं जाऊन दोन महिने झाले होते.

पान टोपलीत आलं म्हणजे कंदही आला असं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. बांधावर सगळे वेल एकमेकांत गुंतलेले असतात. खणताना एखादं पान चुकून येऊ शकतं. मी ते पान पदरात धरून मागे आले तर माझा नवराही खळ्यावरून येऊन पायरीवर बसला होता. पोटाला हात लावून.

“तुम्हाला काय होतंय?”

“मळमळतंय. आईचं बघून असंल.”

“तुम्ही किती खाल्ल्या?”

“खाल्ल्या की. ताटात हुत्या तेवढ्या.” त्याला माझ्या विचारण्याचा राग आला. “का?”

माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची, त्याच्या शेजारी बसून बाहुलीला फडकं गुंडाळत होती. मी तिला विचारलं, “तू काय खाल्लंस?”

“कणगी,” ती म्हणाली. “आज्जीनं मला मोठी दिली.”

मी आत्तींसमोर बसले. पान त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं.

“आत्ती, हे टोपलीत हुतं. तुम्ही कुठं खणलं?”

त्यांनी पान बघितलं आणि चेहरा कडक केला. “वेलात वेल असतोय. मला शिकवतीस?”

“शिकवत न्हाई. कुठं खणलं तेवढं सांगा.”

“मी कणगीच खणली. एवढी वर्सं काय…” पुढचं ओकारीत बुडालं. वैनींनी माझ्याकडं डोळे वटारले, की आत्ता ही काय वेळ आहे. नवरा म्हणाला, “आईला कळत न्हाई व्हय? तुला कळतंय?” त्याचं म्हणणं मला समजत होतं. पंचक्रोशीतल्या बायका रानात जाताना आत्तींना विचारून जात. ज्या बाईनं मला एक-एक पान शिकवलं, तिच्या ओकाऱ्या थांबायच्या आत तिला मी चूक ठरवत होते. त्यात कळलावीबद्दल मलाही पूर्ण खात्री नव्हती. चुकले असते तर या घरात पुन्हा कुठल्या तोंडानं वावरले असते, कोण जाणे. पण मी उठले नाही.

“आत्ती,” मी म्हणाले, “पोरीनं बी खाल्लंय. डॉक्टर पहिलं तेच विचारणार, काय खाल्लं. मी काय सांगू?”

त्यांनी नातीकडं बघितलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “खालच्या मळ्याचा बांध. करवंदीच्या जाळीला लागून. पानं गळल्याली हुती सगळी. मी वेल धरून खाली गेलो.”

मी वैनींना म्हणाले, “जीपवाल्या भावजींना बोलवा. आत्ताच्या आत्ता. गाडी चढावर आणून ठेवायला सांगा.” वैनी एकदम उठल्या. त्या माझ्याशी वाद घालतील असं वाटलं होतं. घातला नाही.

कुदळी घेऊन मी खालच्या मळ्याकडं पळाले. कापलेल्या भाताचे खुंट पायाला टोचत होते. ऊन डोंगराआड गेलं होतं, उजेड होता पण रंग उतरत चालला होता. करवंदीची जाळी सापडली, खणलेला खड्डाही सापडला. ताजी माती दोन्हीकडं फेकलेली. जाळीवर वाळक्या वेलांचा गुंता. मी एक वेल हातात घेतला. पान नाही. दुसरा. त्यालाही नाही. वरच्या बाजूला करवंदीच्या काट्यांत अडकलेली तीन-चार पानं होती, ती काढताना बोटं फाटली. बदामाच्या आकाराची. कणगीची. मला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची भीती वाटली. एवढ्यावर परत जावं असं मनानं सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.

मी गुडघ्यावर बसले आणि गुंत्याच्या आत डोकं घातलं. जाळीच्या आतल्या फांदीला एक पान घट्ट धरून होतं. वेल मेला होता, पान वाळलं होतं, पण त्याच्या टोकानं फांदीभोवती घातलेला वेढा सुटला नव्हता. त्या पानाचा वेल मी बोटांत धरला आणि खाली, खाली, मातीपर्यंत गेले. तो सरळ त्या खड्ड्याच्या कडेला जात होता. तिथं माती उकरली. बोटाएवढा जाड, पिवळसर, गुळगुळीत कंद लागला. एका टोकाला दुभंगलेला, नांगरासारखा वाकलेला. त्याची दुसरी फांदी मोडलेली होती. मोडलेली जागा ओली होती. ती घरी गेली होती.

मी वेल, पान, कंद सगळं तसंच उपटून पदरात बांधलं. परतीची वाट मला आजही आठवत नाही.

जीप चढावर उभी होती. आत्तींना मागच्या सीटवर आडवं घातलं होतं, वैनी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. नवरा पुढं बसला होता, खिडकीतून बाहेर तोंड काढून. तोही आता ओकत होता. मुलीला मी मांडीवर घेतलं. जीपवाले भावजी एवढंच म्हणाले, “घट्ट धरा,” आणि गाडी सोडली.

जंगलातला तो रस्ता मी शंभरदा केला असेल. त्या संध्याकाळी तो संपतच नव्हता. एका वळणावर गवा उभा होता, भावजींनी हॉर्न न वाजवता गाडी थांबवली आणि तो हलेपर्यंत आम्ही सगळे श्वास धरून बसलो. सुप्याच्या धरणाचं पाणी झाडांतून एकदा चमकलं आणि मागं गेलं. मी मुलीच्या कपाळाला हात लावत होते, तिच्या पोटाला हात लावत होते, तिला पुन्हा पुन्हा विचारत होते, “जीभ भाजती का? पोट दुखतं का?” ती कंटाळून म्हणाली, “न्हाई गं आई,” आणि झोपायला लागली. तेव्हा मी तिला गदागदा हलवून जागं केलं. ती रडली. रडते आहे म्हणजे बरी आहे, एवढंच मला कळत होतं.

मागून आत्तींचा आवाज आला. “पोरीला मी मोठ्या दिल्या. मऊ. पिठुळ.”

“बोलू नका आत्ती.”

“ऐक. बारक्या, वाकड्या मी घेतल्या. थोड्या त्याच्या ताटात गेल्या. पोरीला न्हाई दिल्या. जरा कडसर लागल्या. म्हटलं, जुन्या असतील.”

घरात चांगलं ते दुसऱ्याच्या ताटात आणि मोडकं-तुटकं स्वतःच्या, ही त्यांची सवय होती. त्यावरून मी त्यांच्याशी भांडलेही होते. त्या दिवशी त्याच सवयीनं माझी मुलगी वाचली असणार, आणि त्याच सवयीनं त्या मरायला टेकल्या होत्या. मला रडायला आलं नाही. मी फक्त मुलीला आणखी जवळ ओढलं.

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, धारवाडकडची. तिनं कानडीत पहिला प्रश्न तोच विचारला, काय खाल्लं. मी पदराची गाठ सोडून सगळं टेबलावर ठेवलं. कळलावीला कानडीत काय म्हणतात ते मला त्या क्षणी आठवेना. जन्मभर दोन्ही भाषा बोलत आले आणि नेमका तो शब्द गेला. मी पानाचं वळलेलं टोक तिच्या पुढे केलं. म्हणाले, गौरीला वाहतात ती फुलं, त्याचा कंद.

तिनं पान उचललं नाही, नुसतं वाकून बघितलं. “गौरी हूवु,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा बदलला. “नक्की हाच खाल्ला?”

“याचीच दुसरी फांदी. मोडलेली जागा बघा.”

त्यानंतर सगळं वेगानं झालं. नळ्या घालून पोट धुतलं, कोळशाच्या पाण्यासारखं काळं औषध पाजलं, दोघांना सलाईन लावलं. मुलीलाही ते काळं औषध दिलं, तिनं माझ्या पातळावर अर्धं ओकलं. डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, उकडून हे विष जात नाही. आज थांबलं असं वाटलं तरी ते आत काम करत राहतं, दोन-तीन दिवस खरे धोक्याचे. इथं नाही, बेळगावला न्यायला हवं. नुसती हगवण-ओकारी म्हणून तुम्ही आला असतात तर कदाचित सकाळपर्यंत मी वाट बघितली असती.

ॲम्ब्युलन्स रामनगरवरून गेली. माझ्या वडिलांच्या दुकानाची फळी लावलेली दिसली. आतून मला कुणी हाक मारली असती तर बरं झालं असतं, असं उगाच वाटून गेलं.

नवरा तीन-चार दिवसांत उठून बसला. मुलीला काहीच झालं नाही. आत्तींचं मात्र खूप वरखाली झालं. लघवी कमी झाली, रक्तातल्या पेशी उतरल्या, बाहेरून रक्त द्यावं लागलं. डॉक्टर रोज नवा आकडा सांगत आणि मी तो लक्षात ठेवायचा प्रयत्न करत असे, जसा परीक्षेच्या आधी करतात. एका सकाळी त्यांनी डोळे उघडून मला विचारलं, “भाताचं काय केलंसा?” तेव्हा मी वॉर्डच्या बाहेर जाऊन भिंतीला पाठ लावून बसले.

घरी आल्यावर त्यांचे केस गेले. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तरी ते बघणं वेगळं होतं. कंगवा फिरवला की पुंजकेच्या पुंजके हातात. त्यांचा अंबाडा मोठा होता, लग्नकार्यात बायका त्याला हात लावून बघत. काही दिवसांत डोकं बोडकं झालं. त्यांनी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि ओसरीवरून उठणं सोडलं. भेटायला येणाऱ्या बायका तब्येतीचं विचारत आणि मग माझ्याकडं वळून, आवाज न करता विचारत, “कसं काय चुकलं गं?” त्या बायका आधी पानं दाखवायला आत्तींकडं यायच्या. आता मुळं, पाला घेऊन माझ्यासमोर उभ्या राहत, आणि आत्ती दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या असत. मी म्हणायचे, आत्तींना दाखवा. बायका हसून पान माझ्याच हातात ठेवायच्या. आत्ती पदर आणखी पुढे ओढून घेत. तेव्हाचं ते ओसरीवरचं बसणं मला दवाखान्यापेक्षा कठीण गेलं.

एकदा मी त्यांना म्हणाले, “पानं गळलेली होती. कुणीही चुकलं असतं.”

“मी कुणीबी न्हवं,” त्या म्हणाल्या.



पावसाळा आला. श्रावणात, रानात वेल हिरवेगार झाल्यावर, एका सकाळी त्या स्वतःहून इरलं डोक्यावर घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. केस बोटभर आले होते, पांढरे. “चल,” म्हणाल्या. “आत्ता पानं हायत तवर बांध बघून घेऊ.”

मी त्यांच्या मागून गेले. खालच्या मळ्याच्या बांधावर आम्ही एक-एक वेल धरून बघितला. त्या पान हातात घ्यायच्या, उलटायच्या, मग माझ्याकडं द्यायच्या आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबायच्या. पूर्वी त्या उत्तर तपासायला थांबत. आता त्या उत्तरासाठी थांबत होत्या, हे कळायला मला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा हातातलं पान मी पुन्हा एकदा उलटं करून बघितलं. दोघींचं एकमत झाल्याशिवाय आम्ही पुढे सरकलो नाही. टोक वळलेल्या पानांचे वेल सापडले ते मुळासकट काढले, कंद फोडून जाळले. दोनदा आमचं जमलं नाही आणि दोन्ही वेळा मी चुकले होते, पण त्यांनी “बरं” म्हटलं नाही. पान पुन्हा माझ्या हातात दिलं.

त्या कार्तिकात घरात कणग्या शिजल्या. नवऱ्यानं ताट बाजूला सारलं. अजूनही तो खात नाही, त्याच्यावर कुणी जबरदस्ती करत नाही. मुलगी खाते. ती चघळत असते तेव्हा मी तिच्याकडं बघत बसते आणि तिला ते आवडत नाही.

परवा आत्ती आणि मी मळ्याच्या वरच्या बाजूला खणत होतो. एक वेल मिळाला, चांगला जाड. खाली मोठे कंद असणार हे उघड होतं. पण त्याची सगळी पानं गळून गेली होती, मातीत शोधलं तरी एकही मिळालं नाही. आत्तींनी वेल बोटांत फिरवून बघितला, नखानं साल काढून वास घेतला.

“कणगीच हाय,” त्या म्हणाल्या.

“मलाबी तसंच वाटतंय.”

मी आजूबाजूला पुन्हा एकदा पान शोधलं, नव्हतंच. मग त्यांनी खणलेली माती पायानं परत लोटली, कुदळी खांद्यावर घेतली आणि पुढच्या जाळीकडं चालायला लागल्या.